बिबट्याने नेलेली चार बोटं

गोरक्ष पिंगळेच्या उजव्या हाताला अंगठा सोडला तर एकही बोट नव्हतं. ती चार बोटं कुठे गेली याची त्याच्याकडे निदान पाच उत्तरं होती आणि समोरचा माणूस बघून तो त्यातलं एक काढायचा.

मुंबईचा पाहुणा असला की बिबट्या. "उसाला पाणी द्यायला गेलो, तर आला ना समोरून. म्हटलं, बाबा, अख्खा हात नको नेऊ, संसार करायचाय. ऐकलं बिचाऱ्यानं. चारच नेली." दिंडोरीकडच्या माणसापुढे बिबट्या चालत नसे, कारण तो लगेच कुणाच्या उसात, कुठल्या साली असं खोदून विचारायचा. त्याच्यासाठी द्राक्षछाटणीची कात्री होती. लहान मुलांना सांगायचा की नखं खाता खाता ध्यान राहिलं नाही. सासुरवाडीच्या माणसांत म्हणायचा की सासऱ्याला अंगठीचा खर्च नको म्हणून मीच काढून टाकली. पाचवं उत्तर बायकांसमोर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आपणही ते सोडून देऊ.

खरं उत्तर तो कुणाला देत नसे. त्याच्या बायकोला, सविताला, ते माहीत होतं, पण अर्धंच.

गोरक्ष दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातला, तीन भावांतला धाकटा. जमीन तिघांत वाटली तर एकाच्या वाट्याला बांधच जास्त आला असता, म्हणून बापाने याला आयटीआयला घातलं. तिथल्या प्रत्येक पोराला ओझरच्या विमानाच्या कारखान्यात लागायचं होतं, तसं गोरक्षलाही लागायचं होतं. पण ओझरने त्याला विचारलं नाही आणि सातपूरच्या एका प्रेस शॉपने विचारलं. प्रेस म्हणजे वर्तमानपत्राचा नव्हे. पत्रा मशीनमध्ये ठेवायचा, वरून दणका बसतो आणि खाली जीपगाडीचा एक भाग तयार. सहा वर्षं त्याने हे दणके मोजले. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये बोटं गेली. मग कंपनीने त्याला गेटवर बसवलं, हातात रजिस्टर दिलं आणि त्यात लिहिता लिहिता डावा हात वळणावर आला. दोन हजार दोनमध्ये कंपनीच बंद पडली.

दुसरा एखादा गावाकडे परतला असता. गोरक्ष कॉम्प्युटरच्या क्लासला गेला. वर्गात सगळी दहावी झालेली पोरं आणि मधे हा पस्तिशीतला बाप्या. पोरांची दहा-दहा बोटं कीबोर्डवर नाचायची, याची पाच बोटं आपली पायी हिंडायची. एका मिनिटाला अठरा शब्द हा त्याचा वेग. पण जे अक्षर एकदा दाबलं ते बरोबरच असायचं. परीक्षेत तो वर्गात चौथा आला आणि सविताने ते राहत त्या अशोकनगरच्या सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पहिल्या आलेल्याच्या आईनेही वाटले नव्हते.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात पेपरात चार ओळींची जाहिरात आली: 'सॉफ्टवेअर टेस्टर पाहिजे. अपंगांस प्राधान्य.' नाशिकच्या कॉलेज रोडवर साड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत ऑफिस होतं. मालक योगेश सर मूळचे सटाण्याकडचे, वय बत्तीस आणि कपाळावर आठ्या पन्नाशीच्या. त्यांनी गोरक्षचा हात पाहिला आणि त्यांचा चेहराच उजळला. इतक्या आनंदाने त्या हाताकडे आजवर कुणीही पाहिलं नव्हतं.

कारण असं होतं. अमेरिकेत कायदा झाला होता की सरकारी खात्याने घेतलेलं सॉफ्टवेअर अपंगांनाही वापरता आलं पाहिजे. तसं ते वापरता येतं की नाही हे तपासण्याचं काम तिकडून पुण्याच्या एका कंपनीकडे यायचं आणि पुण्याला कंटाळा आला की नाशिकला. तपासणीच्या अहवालात सगळ्यात शेवटी एक ओळ होती: 'अपंग व्यक्तीने स्वतः वापरून पाहिले.' तिच्यापुढे सही लागायची. आतापर्यंत योगेश सरांकडे सगळं होतं, ही सही तेवढी नव्हती.

"सहा महिने प्रोबेशन," ते म्हणाले. "पहिला मोठा रिपोर्ट गेला, की पर्मनंटचं लेटर. टाईप करूनच ठेवतो."

आणि खरंच ते टाईप करून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. गोरक्षने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. सविताने ते न बघताच तीन गल्ल्यांत सांगितलं.

ऑफिसातली मुख्य टेस्टर हर्षाली. तेवीस वर्षांची, इंजिनियर, हुशार आणि प्रेमळ, फक्त एक खोड होती. तिला हिरव्या रंगाचं वेड होतं. कायद्याच्या नियमांची तिने सेहेचाळीस ओळींची यादी केली होती. नियम पाळला असेल तर ती ओळ हिरवी, नसेल तर लाल. चित्राखाली त्याचं वर्णन आहे का? आहे. हिरवं. माऊसशिवाय चालतं का? चालतं. हिरवं. यादी हिरवीगार झाली की तिच्या चेहऱ्यावर श्रावण यायचा. ती एकदाच गोरक्षला म्हणाली होती, "दादा, नियम पाळला म्हणजे वापरता येतंच ना. नाहीतर नियम कशाला केला असता?" प्रेस शॉपमध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला याचं उत्तर येतं, पण ते द्यायचं म्हणजे बोटांची गोष्ट काढावी लागते.

पहिला मोठा रिपोर्ट डिसेंबरात आला. अमेरिकेतल्या कुठल्याशा खात्याचा इंटरनेटवरचा अर्ज होता. कामावर ज्याला इजा झाली, त्याने घरबसल्या तो भरायचा. एकतीस रकाने. नाव, पत्ता, कामाची जागा, साक्षीदार, आणि मधोमध एक मोठी चौकट: 'अपघात कसा झाला ते सविस्तर लिहा.' अर्ज उघडा टाकून कुणी उठून गेलं तर भलत्याने वाचू नये, म्हणून तो दहा मिनिटांनी आपोआप बंद व्हायचा. पण कायदा म्हणत होता की हळू काम करणाऱ्याला आधी सूचना द्या आणि वेळ वाढवून द्या. त्याप्रमाणे नवव्या मिनिटाला एक चौकोन यायचा: 'वेळ संपत आला आहे. आणखी वेळ हवा?' हर्षालीने ते रीतसर तपासलं होतं. अर्ज उघडला, चहा प्यायली, नवव्या मिनिटाला चौकोन आला, 'हो' दाबलं, दहा मिनिटं वाढली. हिरवं.

शेवटची ओळ गोरक्षची. त्याने अर्ज भरायचा आणि सही करायची.

नमुना म्हणून काहीही लिहिलं तरी चालणार होतं, म्हणून तो खुशीत आला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची त्याची पद्धत होती. मोठ्या चौकटीत त्याने ऊस, पाण्याची पाळी आणि बिबट्या असं सगळं रंगवून घातलं. बिबट्या नुकताच विनवण्या ऐकत होता, तेवढ्यात चौकोन आला. आणखी वेळ हवा? हवा की! गोरक्षने 'हो' दाबलं. अर्ज एकदा लुकलुकला आणि न्हाऊनमाखून पुन्हा समोर उभा राहिला, कोरा. वेळ वाढून मिळाला होता, पण नाव, पत्ता, बिबट्या, सगळं गेलं होतं.

गोरक्षला वाटलं, आपलंच बोट कुठेतरी चुकीचं पडलं. काही बिघडलं की आधी स्वतःवर संशय घ्यायचा, ही कामगाराची जुनी खोड. त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी वेळ वाचावा म्हणून बिबट्या काढून छाटणीची कात्री घातली, कारण ती गोष्ट आखूड होती. साक्षीदाराच्या नावापर्यंत पोहोचला आणि चौकोन. हो. कोरा. तिसऱ्यांदा त्याने नखांची गोष्ट दोन ओळींत उरकली. तरी तेच. सापशिडीत नव्व्याण्णवच्या घरात साप असतो ना, तसा तो नवव्या मिनिटाला बसलेला.

मग त्याच्यातला सातपूरचा कारागीर जागा झाला. त्याने अर्ज मिटला. दुसरीकडे, साध्या पानावर, पुन्हा बिबट्यासकट सगळी उत्तरं आधी निवांत टाईप करून ठेवली. चाळीस मिनिटं लागली, पण तिथे विचारणारा चौकोन नव्हता. मग अर्ज उघडला आणि तिथून उचलायचं, इथे डकवायचं, असा सपाटा लावला. आठ मिनिटं पन्नास सेकंदांत अर्ज गेला. दहा सेकंद शिल्लक!

"झाला!" गोरक्ष ओरडला.

हर्षालीने टाळ्या वाजवल्या. योगेश सर आतून आले, त्यांनी भेळ मागवली. सेहेचाळिसावी ओळ हिरवी झाली. गोरक्षने आपली युक्ती सगळ्यांना दोनदा समजावून सांगितली आणि दुसऱ्या वेळी आधीच्या तीन खेपांचा वैतागही मीठमसाला लावून सांगितला. सगळे हसले. अहवालाची प्रत निघाली, पेन आलं.

तेवढ्यात हर्षाली भरलेला नमुना वाचायला लागली. इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत ती बिबट्यापर्यंत आली आणि खुदकन हसली. "दादा, हे अमेरिकेला जाणार हो. तिथे बिबट्या कसा चालेल? कारखान्यातलं काहीतरी पाहिजे. खरं काय झालं होतं, तेच लिहा ना."

तिच्या मनात काही नव्हतं. पण गोरक्षला सहावी गोष्ट सुचेना. तो म्हणाला, "बरं, लिहितो," आणि पुन्हा अर्ज उघडून बसला. आधी दुसरीकडे लिहून मग डकवायचं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ही गोष्ट त्याने कधी कुठेच लिहिली नव्हती, मग ती उचलून आणणार कुठून?

एकेक अक्षर दाबत तो लिहायला लागला.

प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच दणका बसतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याची खात्री. नियम चांगला होता. पण आमच्या मशीनवर पत्रा आत सरकायचा, तो एका हाताने धरावाच लागायचा. दोन्ही हातांनी बटणं दाबली तर दिवसाचा माल निम्मा व्हायचा आणि फोरमन चिमाजी तात्या शिव्या घालायचे. म्हणून मी बाभळीच्या लाकडाची पाचर केली. ती एका बटणात ठोकली की ते दाबलेलंच राहायचं आणि हात मोकळा. माझी पाचर इतकी बेतशीर की सगळे माझ्याकडून करून घ्यायला लागले. तपासणीला साहेब यायचे तेव्हा पाचरी खिशात जायच्या. साहेब बघायचे की बटणं दोन आहेत, दोन्ही चालतात. लिहायचे, ठीक आहे. मशीन वाईट आहे हे कुणाला कधी कळलंच नाही, कारण माझी पाचर चांगली होती. मग माझाच हात गेला. तात्यांनी आधी पाचर काढली आणि नंतर मला दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी कागद आणला, त्यावर लिहिलं होतं की दोन्ही बटणं व्यवस्थित होती, चूक माझी. म्हणाले, पाचर तुझी आहे, खरं सांगशील तर तूच अडकशील, सही कर, गेटवर नोकरी देतो. मी सही केली. मशीन तसंच चालू राहिलं. दीड वर्षाने भिका नावाच्या ऑपरेटरची दोन बोटं त्याच मशीनवर गेली. त्याच्या बटणातली पाचर मी

आणि चौकोन आला. आणखी वेळ हवा?

गोरक्षने 'हो' दाबलं.

समोर कोरा अर्ज. नाव लिहा, पत्ता लिहा.

आठ वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते एकदाचं निघालं होतं आणि एका 'हो'ने पुसलं गेलं होतं. त्याला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. मग त्याच्या मनात आलं की अमेरिकेत असाच कुणी दुखऱ्या हाताने हे लिहीत असेल, त्याच्याजवळ माझ्यासारखी युक्ती नसेल. आणि इथे माझी सही असेल, की सगळं व्यवस्थित आहे. चूक त्याची.

"ताई," तो हर्षालीला म्हणाला, "ती शेवटची ओळ लाल करा."

"का? आत्ताच तर भरला तुम्ही!"

"मी नाय भरला. माझ्या पाचरीनं भरला."

हर्षालीला पाचर काय ते कळलं नाही, पण त्याचा चेहरा कळला. तिने योगेश सरांना बोलावलं.

योगेश सर भेळेचा पुडा हातात घेऊनच आले. त्यांनी पहिल्यांदा गोड बोलून पाहिलं. मग कायदा काढला. "पिंगळे, मला नियम दाखवा. सूचना द्या म्हटलंय, देतात. वेळ वाढवा म्हटलंय, वाढवतात. लिहिलेलं जपून ठेवा असं कुठे म्हटलंय?"

"नसंल म्हटलं."

"मग कुठल्या नियमाखाली लाल करू?"

"ते मला काय ठाव? पण सर, घर बांधलं, दाराला कडी हाय, कुलूप हाय, उंबरा हाय. पण माणूस आत गेला की दर नऊ मिनटांनी उचलून बाहेर टाकता. ह्याला राहायची सोय म्हणत्यात का?"

"माणूस पटापट लिहील की! दहा मिनिटं खूप झाली."

"तुमी लिहा," गोरक्ष म्हणाला. "डाव्या हातानं."

हे तो सहज बोलून गेला. पण योगेश सर भडकले होते आणि भडकलेल्या माणसाला आव्हान दिलं की तो घेतोच. त्यांनी पुडा ठेवला, उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि खुर्चीत बसले. हर्षालीने घड्याळ लावलं.

पहिली दोन मिनिटं सर ऐटीत होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांना आपल्याच आडनावातलं एक अक्षर सापडेना. पाचव्या मिनिटाला उजवा हात खिशातून चोरून बाहेर यायला लागला, तेव्हा हर्षाली म्हणाली, "सर, हात." तो परत गेला. नवव्या मिनिटाला सर मोठ्या चौकटीत 'जिन्यावरून पडलो' एवढंच लिहून घाम पुसत होते. चौकोन आला. त्यांनी 'हो' दाबलं.

"हाई काय शे?" सर ओरडले. रागावले की ते सटाण्याला जाऊन पोहोचत. "मन्हं नाव कुठं गयं?"

"गेलं," गोरक्ष म्हणाला. "माझं चारदा गेलंय."

सरांना वाटलं आपलाच वेग कमी पडला. त्यांनी पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या खेपेला जिना काढून टाकला, नुसतं 'पडलो' ठेवलं. तरी बाविसाव्या रकान्यात साप चावलाच. तिसऱ्या खेपेला चौकोन आला तेव्हा त्यांनी 'हो' दाबलं नाही, नुसतेच त्याच्याकडे बघत राहिले. मिनिट भरलं आणि अर्ज आपला आपण बंद झाला. सरांनी खिशातला हात काढला. तो मुंग्या येऊन बधिर झाला होता. भेळ नरम पडली होती.

"लाल करू?" हर्षालीने हळूच विचारलं.

"नियम कुठलाच मोडलेला नाही," सर म्हणाले, पण आता आवाजात जोर नव्हता. "पुणं मला फाडून खाईल. पुढचं काम देणार नाही." त्यांनी ड्रॉवरकडे पाहिलं, मग गोरक्षकडे. "आणि रिपोर्ट गेला नाही तर ते लेटर मला देता येत नाही, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," गोरक्ष म्हणाला.

शेवटी असं ठरलं की पंचेचाळीस ओळी हिरव्याच ठेवायच्या आणि शेरा म्हणून गोरक्षने सांगायचं ते हर्षालीने इंग्रजीत लिहायचं. गोरक्षने दोनच वाक्यं सांगितली: 'सगळे नियम पाळले आहेत. अर्ज भरता येत नाही.' हर्षाली म्हणाली, जरा विस्ताराने सांगा. तो म्हणाला, एवढंच हाय. तिने खाली कुठल्या मिनिटाला काय होतं ते आपल्या हिशेबाने नीट मांडलं आणि सेहेचाळिसावी ओळ लाल केली. हिरव्यागार यादीत ती एकच लाल ओळ तिला कुंकवासारखी दिसायला लागली, असं ती नंतर सांगायची. त्या दिवशी मात्र तिला ती डोळ्यांत खुपत होती.

संध्याकाळी सविता भाकऱ्या थापत होती. गोरक्षने तिच्याशेजारी पाट घेतला आणि तिला माहीत नसलेला अर्धा भाग सांगून टाकला. तिचा हात परातीत थांबला.

"भिकाच्या मशीनची पाचर तुमची व्हती?"

"माझीच. मी गेटवर बसायला लागलो तवाबी जुन्या पाचरी तिथंच व्हत्या. मला ठाव व्हतं. मी काय बोललो नाय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी ती भानावर आली. "आज बोलला ते बरं केलं," ती म्हणाली. आणि मग एकदम कपाळावर पिठाचा हात मारून, "पर्मनंटचं मी शेजारच्या त्या कुसाबाईला सांगून बसले की वो! आता काय त्वांड दाखवू तिला?"

दुसऱ्या दिवशी पुण्याचा फोन आला. योगेश सरांनी तो कानापासून वीतभर लांब धरला, तरी दोन्ही खोल्यांत ऐकू येत होता. कुठला नियम, कुठला नियम, हेच पुनःपुन्हा. सर म्हणाले, "साहेब, एक काम करा. उजवा हात खिशात घाला." पलीकडून फोन आपटला गेला.

मग अकरा दिवस काहीच नाही. गोरक्ष रोज येई, रोज डबा खाई, रोज ड्रॉवरकडे न बघता परत जाई. कुसाबाईने सविताला दोनदा विचारलं. योगेश सरांनी एका स्थानिक शाळेचं छोटं काम धरलं आणि ते सगळे मिळून करत राहिले. बाराव्या दिवशी सकाळी पुण्याहून मेल आला. अमेरिकेने अर्ज दुरुस्त करून पाठवला होता. खाली एका ओळीत लिहिलं होतं: ज्या गृहस्थांनी शेरा दिला त्यांच्याकडूनच पुन्हा तपासून घ्या.

"गृहस्थ!" हर्षाली म्हणाली. "दादा, तुम्हाला गृहस्थ म्हटलंय."

गृहस्थ खुर्चीत बसले. या वेळी बिबट्या नाही, कात्री नाही, नखं नाहीत. गोरक्षने दोन बटणांपासून सुरुवात केली. आधीच्या वेळेपेक्षा सावकाश लिहिलं. नवव्या मिनिटाला चौकोन आला तेव्हा त्याचं बोट थबकलं. हर्षाली आणि सर दोघेही त्याच्या मागे येऊन उभे होते. त्याने डोळे मिटून 'हो' दाबलं.

"आहे," हर्षाली म्हणाली. "दादा, आहे सगळं."

त्याने डोळे उघडले. बटणं, पाचर, चिमाजी तात्या, तो कागद, सगळं जागच्या जागी होतं. तो पुढे लिहायला लागला. अठराव्या मिनिटाला चौकोन पुन्हा आला, पुन्हा हो, पुन्हा सगळं तिथेच. आता कुणी थांबवणारं नव्हतं, म्हणून मागच्या वेळी जे वाक्य अर्धं राहिलं होतं तेही पुरं झालं. सव्वीस मिनिटं लागली. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

थोड्या वेळाने योगेश सरांनी अहवाल पुढे ठेवला. शेवटी छापलेलं होतं: 'अपंग व्यक्तींना वापरता येतो.' गोरक्षने पेन डाव्या हातात घेतलं, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: 'गोरक्ष पिंगळेला वापरता आला. बाकीच्यांना विचारायचं राहिलं आहे.' मग सही केली.

"अहो, असं कुठे लिहितात का?" सर म्हणाले. "आता बाकीचे मी कुठून आणू?"

"एक हाय माझ्या माहितीत," गोरक्ष म्हणाला. "अंबडला राहतो, भिका. दोन बोटं गेलीत त्याची. पण त्याला नोकरीचं विचारायच्या आधी मला हे सगळं सांगावं लागंल, जे आत्ता तुमी वाचलं. मग तो येईल का मला मारंल, ते त्याचं त्यानं ठरवावं."

सरांनी ड्रॉवर उघडून लेटरचं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. गोरक्षने ते न उघडताच खिशात घातलं आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. सर म्हणाले, जा.